पहिली सही खुशालभाऊची

भंडारा, ९ मार्च २००३

दादा,

तुह्या कुसुमचा नमस्कार घे. मी सुखरूप पोहोचली, पण माह्या पायातली चप्पल पवनीतच राहिली, तुह्या दारासमोरच्या गाऱ्यात. मार्च महिना चालू आहे, आभाळात ढगाचा ठिपूस नाही, अन् आपल्या कोष्टीपुऱ्यात नालीचं पाणी रस्ताभर! लोकाईच्या गावात उन्हाळ्यात धूळ उडते, आपल्याकडं चप्पल बुडते. हे एसटीत बसल्यावर हसून राहिले होते. मले हसू आलं नाही.

फोन केला असता, पण तुले फोनवर 'आँ? आँ?' शिवाय दुसरं काही येत नाही. चाळीस वर्षं मागाच्या खटखटीत बसून कान गेले तुह्ये. म्हणून पत्र.

आता नीट वाच. रीताले चौथा लागला. पोळ्याच्या मागंपुढं तिचे दिवस भरतात. पोरीले माय नाही, एकोडीले माहेरी तिचं बाळंतपण करणारं कोणी नाही, म्हणजे ते आपल्याच घरी होणार. ऐन पावसाळ्यात! मागच्या साली ललिताबाईची कंबर मोडली तेव्हा काय झालं ते विसरला का? ऑटोवाला हापशीच्या पुढं यायले तयार नाही. चौघांनी खाटेवर टाकून गुडघाभर चिखलातून मोहल्ल्याच्या तोंडापर्यंत नेली. ती निभली. सुनेले बी तसंच नेतो का?

ह्यांनी नगरपरिषदेले द्याचा अर्ज टाइप करून घेतला, तो सोबत पाठवून राहिली. सिमेंट रस्ता अन् बाजूनं नाली. तीस वर्षं सरकारी हापिसात दुसऱ्याचे अर्ज वाचले ह्यांनी, कोणता अर्ज वर सरकते हे त्याईले कळते. पहिली सही तुही पायजे. लग्नाची यादी असो का देवीच्या पूजेची, मोहल्ल्यात तुह्या आधी कोणी पेन उचलत नाही. तू केली का बाकीचे धडाधड करतीन.

वहिनीले नमस्कार. रीताले म्हणा, जड उचलू नको.

तुही कुसुम

*

पवनी, २६ मार्च २००३

चि. कुसुम,

दादाचा आशीर्वाद. चप्पल सापडली. एकच.

जवाईबापूचा अर्ज वाचला. 'विनम्रपणे निवेदन करण्यात येते की' एवढ्यातच मले दम लागला. पण सही केली, बाई. देवळाच्या ओट्यावर सगळ्याईले बसवलं अन् सगळ्यात वर 'खुशाल' लिहिलं. अठ्ठेचाळीस घरं, अठ्ठेचाळीस सह्या, त्यात सहा अंगठे. ललिताबाईनं अंगठा लावता लावता रडून घेतलं. अर्ज कोणी न्याचा? तर सगळे म्हणाले, खुशालभाऊच नेतीन. सोमवारी नेऊन देतो.

एक गोष्ट मात्र जवाईबापूच्या अर्जात नाही. ताणा कुठं लावाचा? तुले आठवत असंन, नाही तर भंडाऱ्याच्या फरशीवर विसरली असशीन. सकाळी ऊन चढाच्या आत रस्त्याच्या या टोकाले एक खुंट, त्या टोकाले एक, मधात ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, ओढून बांधाचा अन् कुंच्यानं पेजेची खळ चोपडत जाची. तसं केल्याशिवाय सूत मागावर टिकत नाही. साठ हात लांब ताणा, एवढी जागा कोणाच्या घरात असते? रस्ताच आपला कारखाना. सिमेंटात खुंट ठोकून दाखव बरं मले!

आपल्या लहानपणी या मोहल्ल्यात घरोघर माग होता. आता तीन राहिले, माहा, डोमाचा अन् आनंदाबाईचा. बाकीच्याईले रस्ता पायजे, त्याईचं खरंच हाये. पण ज्याचं जळते त्याले कळते.

रीता माग शिकून राहिली हे तुले सांगतलं का? धानाच्या घरची पोरगी, पण धोटा असा फेकते का पाहत राहावं. प्रविण माह्या पोटचा, त्यानं ट्रॅक्टरच्या पार्टाचं दुकान धरलं अन् मागाले कधी हात लावला नाही. ही परक्या घरची, सकाळी माह्या आधी ताण्यापाशी उभी राहते. माह्या मागं माग कोण चालवंन हा घोर मले लागला होता. आता नाही.

खुशाल

*

भंडारा, १२ एप्रिल २००३

दादा,

तुहं पत्र वाचून मले राग आला, तो आधी काढून घेते. खुंट, खुंट, खुंट! अवो बाप्पा, अठ्ठेचाळीस घरं एकीकडं अन् तुह्ये दोन खुंट एकीकडं. आपल्या बाबाले मागानं काय दिलं? खोकला दिला. तुले बहिरेपण दिलं. आता सुनेले त्याच खड्ड्यात बसवतो, तेही चौथ्या-पाचव्या महिन्यात. ताणा लावाचाच असंल तर नदीकडच्या मोकळ्या जागेत लाव. थोडं चालाचं, पाय झिजत नाही.

अर्ज दिला का, त्याचं लिहिलं नाही तू. पोच घेतली का? हे विचारून राहिले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर हापिसचा शिक्का अन् तारीख, त्याले पोच म्हणतात. शिक्का नसंल तर अर्ज दिला काय अन् नदीत सोडला काय, सारखंच. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे तुले माहीत आहे. आपल्यापाशी पाचच आहेत.

रागानं लिहिलं, मनाले लावून घेऊ नको.

कुसुम

*

पवनी, ४ मे २००३

चि. कुसुम,

अर्ज दिला. पोच घेतली, पेटीत हाये. आता त्याचा घोष बंद कर.

ऊन लई. रीताची तब्येत चांगली. तुही वहिनी तिले अंबाडीची भाजी खाऊ देत नाही अन् ती चोरून खाते. प्रविण तिच्यासाठी टेबलफॅन घेऊन आला. मागाच्या खोलीत लावला, म्हणून मलेही वारा लागते.

मोहल्ल्यातले लोक रोज विचारतात, खुशालभाऊ, काय झालं रस्त्याचं? मी म्हणतो, होईन. मंग ते चहा पाजतात. नदीकडच्या जागेचं तू लिहिलं. तिथं वारा निरा मोकाट असते, खळ सुकाच्या आधी धागे एकमेकाले चिकटतात. कोष्ट्याच्या पोरीले हे सांगा लागते, हेच नवल.

खुशाल

*

भंडारा, १ जुलै २००३

दादा,

मागच्या हप्त्यात हे पवनीले आले होते, मित्राच्या घरच्या तेरवीले. घाईत होते म्हणून तुह्याकडं आले नाही. नगरपरिषदेत मात्र डोकावून आले.

ते असू दे.

माहं एक ऐक. रीताले भंडाऱ्याले पाठवून दे. आठवा लागला तिले. इथं दारात ऑटो येते, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. मी तिची मायच आहे असं समज. पाऊस जोर धराच्या आत प्रविणले म्हणा आणून सोड. नाही म्हणू नको, दादा. हात जोडते.

कुसुम

*

पवनी, २२ जुलै २००३

चि. कुसुम,

सुनेचं बाळंतपण सासरी कराले आम्ही समर्थ नाही काय? लोक काय म्हणतीन, खुशालच्या घरी नातवंड येऊन राहिलं अन् पोरीले आतेसासूच्या घरी धाडली. तुह्या वहिनीनं सुंठ, डिंक सगळं आणून ठेवलं. रीता बी म्हणते, मी इथंच बरी. तेव्हा हा विषय संपला.

पाणी धो धो पडून राहिलं. रस्ता तसाच, पिंढरीभर. यंदा मी खुंट काढले नाही. मृग लागला का सगळे आपापले खुंट उपटून वळचणीले ठेवतात, आपल्या आजापासूनची रीत. पण मी विचार केला, ज्याचा खुंट उभा त्याची जागा. उद्या कोणी मोजाले आला तर त्याले कळलं पायजे का या रस्त्यावर कामं चालतात. डोमानं अन् आनंदाबाईनं काढले. माह्ये दोन पाण्याखाली हायेत, कोणाले दिसत नाही.

जवाईबापूले नमस्कार. तेरवीले गावात येऊन घरी आले नाही, हे मले आवडलं नाही.

खुशाल

*

पवनी, ६ सप्टेंबर २००३

कुसुम,

प्रविणनं फोन केला तेव्हा तो काय बोलला अन् तुले काय समजलं, मले माहीत नाही. म्हणून लिहून राहिलो. अक्षर लागलं नाही तर जवाईबापूकडून वाचून घे.

तान्ह्या पोळ्याचा दिवस. आठवून राहिलो तर सगळं आधी लेकरंच दिसतात, लाकडी बैल डोक्यावर धरून पाण्यातून जाताना. दुपारी जेवणं झाली अन् रीताच्या पोटात कळा सुरू झाल्या. प्रविण ऑटो घेऊन आला. ऑटो हापशीपाशी थांबला. मंग खाट काढली. पुढं प्रविण अन् डोमा, मागं दोन शेजारी. मी छत्री धरून रीताच्या बाजूनं चाललो. ती माह्याकडं पाहून म्हणाली, मामाजी, तुम्ही भिजून राहिले.

खालच्या टोकाच्या खुंटापाशी प्रविणचा पाय अडला. तो तोंडावर पडला. खाट त्याच्याच बाजूनं कलंडली अन् रीता पोटावर गेली, पाण्यात.

पावसाळ्यात रस्त्यात खुंट राहत नाही, हे मोहल्ल्यातल्या लेकराले बी माहीत. म्हणूनच कोणी खाली पाह्यलं नाही. मले माहीत होतं अन् मी बी पाह्यलं नाही, मी छत्री सांभाळून राहिलो होतो.

पोरगी झाली. रडली नाही. डॉक्टरीणबाईनं लई प्रयत्न केले, मंग बाहेर येऊन सांगतलं का पडल्याचा मार आत लागला. रीता वाचली. दुसऱ्या दिवशी पोरीले नदीकाठी मातीत ठेवलं. प्रविण म्हणते दगड होता. सगळे म्हणतात दगड होता. मी सकाळी जाऊन दोन्ही खुंट उपटले अन् चुलीत घातले.

अजून आहे. अर्ज मी दिला नाही. मार्चातल्या त्या सोमवारी घेऊन निघालो, नगरपरिषदेच्या फाटकापर्यंत गेलो, अन् वापस आलो. मनात म्हटलं, एक उन्हाळा जाऊ दे, रीताचा हात बसू दे मागावर, मंग देऊ. अठ्ठेचाळीस जणांच्या सह्या मागाच्या खड्ड्यात पाय ठेवाच्या फळीखाली हायेत. पोच नाही. पेटीत काही नाही.

मी माह्या नातीले मारलं, कुसुम. दुसरा शब्द मले सापडत नाही.

खुशाल

*

भंडारा, १५ सप्टेंबर २००३

दादा,

चार वेळा कागद घेतला अन् चार वेळा ठेवला. तुले शिव्या देणार होती. मनातल्या मनात दिल्या बी, आईबाबाचं नाव घेऊन दिल्या. पण मंग स्वतःचं बी लिहा लागते.

मले माहीत होतं. हे जूनमध्ये नगरपरिषदेत गेले तेव्हा तिथल्या माणसानं आवक रजिस्टर पुढं ठेवलं, पानं उलटून दाखवली. कोष्टीपुऱ्याचा अर्जच नाही. हे घरी येऊन म्हणाले, तुहा भाऊ खोटं बोलून राहिला, मी मोहल्ल्यात जाऊन सांगतो. मी त्याईले गप्प बसवलं. म्हटलं, माह्या भावाची सही त्या मोहल्ल्यात पहिली असते, त्याची लाज मी माह्या हातानं काढणार नाही. म्हटलं, आता पावसाळ्यात रस्ता होणार थोडीच, दिवाळीनंतर मी स्वतः जाऊन दादाच्या हातानं अर्ज देववते, कोणाले काही कळणार नाही. म्हणून तर पोरीले इकडं मागत होती. तुले खरं विचारलं असतं तर तू पाठवली असती का? आता कोण सांगणार.

अन् खुंटाचं तू लिहिलं होतं. २२ जुलैच्या पत्रात, स्वच्छ अक्षरात. मी कोष्ट्याची पोर, मृगानंतरचा खुंट म्हणजे काय हे मले कळत नाही का? पण तेरवीवरून टोमणा वाचला अन् पत्र भिरकावलं. जबाब बी दिला नाही.

आता तू दोन कामं कर. अर्ज काढ, वाळव, अन् दिवसाढवळ्या सगळ्या मोहल्ल्यासमोरून घेऊन जा. पोच घे अन् देवळाच्या ओट्यावर दाखव, तारखेसकट. अन् प्रविणले अन् रीताले खरं सांग. पोरगं स्वतःच्या पायाले दोष देत जगून राहिलं असंल. त्याले वाटत असंल, मी पडलो म्हणून झालं. एवढं तरी त्याच्या डोक्यावरून उतरव.

कुसुम

*

पवनी, २० नोव्हेंबर २००३

चि. कुसुम,

अर्ज दिला. पोच जवाईबापूच्या नावानं या पाकिटात टाकली, शिक्का पाहून घ्या म्हणा. ओट्यावर तारीख वाचून दाखवली. ललिताबाई तेवढी उठून गेली. आता देवीच्या पूजेची यादी डोमाच्या नावानं सुरू होते.

पंधरा दिवसांत इंजिनिअर येऊन गेला. पोरगाच हाये, वागाले चांगला. त्यानं मोजमाप घेतलं अन् विचारलं, काका, हे गड्डे कायचे? मी सांगतलं, ताण्याच्या खुंटाचे होते. तर म्हणते कसा, मंग आधी सांगाचं ना, सिमेंट टाकताना दोन्ही टोकाले लोखंडी नळी गाडून देतो, खुंट तिच्यात उभा राहते, काम झालं का काढून घ्या. एवढंच! मी तिथंच खाली बसलो. त्याले वाटलं मले चक्कर आली, त्यानं पाणी आणून दिलं.

प्रविणले सांगतलं. तो सायकल घेऊन निघून गेला. तेव्हापासून माह्याशी बोलत नाही. दुकानातच जेवते, झोपाले येते. नागपूरले काम शोधून राहिला, रीताले घेऊन जातो म्हणते. रीता मात्र म्हणते, मी पवनी सोडणार नाही. रोज मागावर बसते. मले ताट वाढते. तिले काहीच माहीत नाही. दोनदा तिच्यापुढं बसलो अन् दोनदा सुताचंच काहीतरी बोलून उठलो. तू तिले लिही, कुसुम. बाईनं बाईले सांगतलेलं बरं. हे एवढं माह्यासाठी कर.

खुशाल

*

पवनी, ८ फेब्रुवारी २००४

आत्याबाई,

रीताचा नमस्कार. तुमचं पत्र येऊन दीड महिना झाला. लिहाले उशीर झाला, कारण घरात बसून हे लिहिता येत नव्हतं. आज मी ललिताबाईच्या घरी बसून लिहून राहिली.

तुम्ही जे कळवलं ते मले माहीत होतं. पाण्यात पडली तेव्हा आधाराले हात टाकला तो खुंटावरच पडला. उन्हाळाभर रोज सकाळी त्याच खुंटाले मी ताणा बांधला होता, वरच्या अंगाले दोरीनं पडलेली खाच बोटाले लागली. दगड अन् खुंट मले डोळे मिटून वेगळे कळतात. अर्जाचं तेवढं माहीत नव्हतं, ओट्यावरची गोष्ट माह्यापुढं कोणी काढली नव्हती. ते तुमच्या पत्रातून कळलं अन् मंग मी एक दिवस जेवली नाही.

प्रविणले मी बोलली नाही, कारण त्यानं बापाच्या अंगावर हात टाकला असता. नंतर मामाजींनीच त्याले सांगतलं. मले सांगाची मात्र त्याईची हिंमत झाली नाही, तुमच्याकडून पत्र लिहवून घेतलं. तुम्ही स्वतःचं बी लिहिलं, त्यासाठी मी तुमच्यावर रागावली नाही असं नाही. पण तुम्ही लिहिलं, हे मी ध्यानात ठेवलं.

रस्ता झाला. मागच्या सोमवारी काम संपलं, तेव्हापासून बाया त्यावर पाणी मारून राहिल्या. ललिताबाई काठी टेकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली अन् वापस आली, सगळे पाहत होते. दोन्ही टोकाले नळ्या बसवल्या. डोमाकाकांनी काल ताणा लावून पाह्यला, चांगला लागते. मामाजींनी पाह्यला नाही, ते घरातच होते.

मागच्या हप्त्यात मी त्याईले म्हटलं, मामाजी, आत्याबाईचं पत्र आलं, अन् खुंटाचं मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ते माह्या पायावर पडले. सासरा सुनेच्या पायावर पडते, असं मी कुठं पाह्यलं नव्हतं. मी त्याईले उठवलं अन् पाणी दिलं. तेव्हापासून ते ज्याले त्याले सांगत फिरून राहिले, रीतानं सगळं माहीत असून मले माफ केलं, सहा महिने एक शब्द बोलली नाही, साक्षात देवी आहे. बाया माह्या पाया पडाले येऊन राहिल्या.

आत्याबाई, मी माफ केलं नाही. उद्याचं माहीत नाही, पण आज तरी केलं नाही. मी मागावर बसते कारण हात रिकामे राहिले का मले पोरीचं तोंड दिसते. ताट वाढते कारण म्हातारा माणूस भुकेला ठेवता येत नाही. अन् प्रविणसोबत नागपूरले जात नाही, कारण पोरगी इथं नदीकाठी मातीत आहे. तिले एकटी टाकून मी कुठं जाऊ?

हे त्याईच्या तोंडावर माह्याच्यानं बोलवत नाही. तुम्ही त्याईले लिहा.

तुमची
रीता